चौदाव्या विभागाचं विरजण

लोक सोडून जायला लागले तेव्हा ब्रॅन्सफोर्ड थ्रेशर्स हा संघ हरत नव्हता. उलट लागोपाठ दोन वर्षं तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. तरीही कॅनडाच्या गव्हाळ पठारावरच्या त्या शहरात, सत्तावीस हजार खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये, २०३८च्या हंगामात पाच हजारांवर माणसं येत नव्हती. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे केस पांढरे होते. त्यांची मुलं घरी बसून सीमेपलीकडचा अमेरिकन फुटबॉल बघत आणि नातवंडं काहीच बघत नसत.

दोन्ही खेळ दिसायला सारखे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. कॅनडात मैदान मोठं, खेळाडू अकराऐवजी बारा, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. पुढे सरकता आलं नाही तर चेंडू लाथेने दोन उंच खांबांमधून घालवायचा, त्याचे तीन गुण. लाथ चुकली, पण चेंडू मैदानाच्या मागच्या टोकापार गेला, तरी एक गुण मिळतो. अमेरिकन लोक या नियमाला हसत. हेमंत जठार म्हणायचा, "चुकल्याचाही एक मार्क देणारा खेळ आहे हा. मास्तराला आणखी काय पाहिजे?"

हेमंत तिथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. सांगलीहून आल्यावर पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याने त्याला सामन्याला नेलं आणि पुढची पंचवीस वर्षं चौदाव्या विभागातली आठ नंबरची खुर्ची त्याची झाली. सात नंबरवर वृंदा, त्याची बायको. ती श्रवणतज्ज्ञ होती, शहरात तिचं कानतपासणीचं क्लिनिक होतं. हेमंत ओरडायचा ते मात्र मराठीत: "चल रे!" हळूहळू सगळा विभाग तेच ओरडायला लागला. पुढच्या रांगेतली ओलेना, युक्रेनियन आजोळाची बेकरीवाली, इतक्या जोरात "चाल रे" म्हणायची की तिच्या टोपीतली गव्हाची ओंबी खाली पडायची.

या प्रेक्षकांची एक रीत होती. चेंडू पाहुण्या संघाकडे असला की आकाश फाटेल इतका गोंगाट करायचा, कारण चेंडू फेकणारा आपल्या साथीदारांना ओरडून इशारा देतो आणि तो ऐकू आला नाही की त्यांची फळी चुकते. चेंडू आपल्या संघाकडे आला की गप्प. पूर्ण गप्प. त्या शांततेत हेमंत वृंदाच्या मनगटावर हात ठेवून बसायचा. सामना संपला की तेच मनगट ओढून म्हणायचा, "चल, नीघ आता. पार्किंगमध्ये तासभर अडकू."

२०३९च्या मार्चमध्ये हेमंत गेला. हृदयविकार. अंत्यसंस्काराला क्लबचा अध्यक्ष ब्रूस टॅलमन स्वतः आला होता, संघाचा हिरवा झेंडा घडी घालून. महिन्याभराने त्याचा फोन आला.

टॅलमनने क्लबला वाचवण्यासाठी एक यंत्र आणलं होतं. त्याचं नाव कोरस. खुर्च्यांच्या हातात बरीच वर्षं लहान मायक्रोफोन होते, बिअर आणि सॉसेज मागवण्यासाठी. त्यांतून दहा हंगामांचं ओरडणं, हसणं, बोलणं साठून राहिलं होतं. त्या साठ्यातून यंत्राने प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाचा आवाज शिकून घेतला: त्याची पट्टी, श्वास, घोगरेपणा. मग प्रत्येक रिकाम्या खुर्चीखाली कागदासारखा पातळ स्पीकर बसवला. गर्दीचं ध्वनिमुद्रण नुसतं वाजवलं तर कान फसत नाही. त्याला पुनरावृत्ती कळते, आवाज एकाच दिशेने येतो तेही कळतं. बावीस हजार जागांवरून बावीस हजार वेगळे आवाज आले, तर मात्र कान त्याला गर्दीच म्हणतो. वृंदाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आवाज कधी आणि कसा काढायचा, हे यंत्र जिवंत प्रेक्षकांकडून उचलायचं. भरलेल्या खुर्च्यांचे मायक्रोफोन ऐकायचे आणि तोच सूर बावीस हजार गळ्यांतून मोठा करायचा. तिच्या मनात शब्द आला तो विरजण. चमचाभर जिवंत दही आणि पातेलंभर दूध.

"हेमंत त्याच्या जागेवर असेल, वृंदा," टॅलमन म्हणाला होता. "फक्त तुमची परवानगी हवी."

तिने दिली. जूनमधल्या पहिल्या सामन्याला ती सात नंबरवर बसली आणि शेजारून आवाज आला, "चल रे!" तिने आठ नंबरच्या खुर्चीच्या हातावर तळवा टेकला. आतल्या यंत्रणेच्या उष्णतेने तो कोमट झाला होता. चेंडू आपल्या संघाकडे आला, माणसं गप्प झाली, यंत्रही गप्प झालं. ती त्या हंगामात एकही सामना चुकली नाही.

*

कोल ब्रँट क्लिनिकमध्ये आला तो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. कोल थ्रेशर्सचा किकर, म्हणजे लाथ मारून गुण मिळवणारा. याच शहरातला, हेमंतचा विद्यार्थी. कोरस आल्यापासून खेळाडूंची कानतपासणी सक्तीची झाली होती.

तिने त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बारीक सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, तिच्या बाजूला हिरवा दिवा लागायचा. तिने सूर बारीक बारीक करत नेला. दिवा प्रत्येक वेळी लागला. कोलचे कान चोख होते.

"झालं," ती म्हणाली. तो हेडफोन काढेना.

"मिसेस जठार, 'नीघ' म्हणजे काय?"

"कुठे ऐकलंस?"

"मिस्टर जे म्हणतात. खुर्चीतून." शाळेत सगळे हेमंतला मिस्टर जे म्हणत. "मागच्या महिन्यात माझ्या दोन किक चुकल्या ना, तेव्हापासून. मी मैदानात आलो की हूटिंग सुरू होतं. मशीनचं आहे, मला माहीत आहे. पण त्यात सर असतात. 'चल रे' मला कळतं, शाळेतही म्हणायचे. पण आता म्हणतात, 'चल, नीघ.' रागाने."

तिने तपासणीचं यंत्र बंद केलं.

"वाईट शब्द आहे का?" कोलने विचारलं.

"नाही. 'आपण निघू या' असा अर्थ आहे. घरी जायचं असलं की म्हणायचा."

"मला घरी जा म्हणतात?"

"तो तुला नाही म्हणायचा, कोल. मला म्हणायचा."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मग सरांना मी... म्हणजे त्यांना मी आवडायचो ना?"

पुढच्या सामन्यात तिने आवाज नीट ऐकला. घरचा किकर मैदानात आला. जिवंत माणसांपैकी चार-दोन जण पुटपुटले. आणि रिकाम्या खुर्च्यांतून थट्टेचा, शिव्यांचा लोंढा उठला. हेमंतने पंचवीस वर्षांत आपल्या संघाची हुर्यो कधी केली नव्हती. शेजारून त्याचा आवाज गरजला, "कोल! चल, नीघ!" तिचं मनगट ओढून म्हटलेले शब्द. यंत्राने साठ्यातून उचलले होते आणि वर राग चढवला होता.

*

"यात कोणी मुद्दाम काही केलेलं नाही," टॅलमन म्हणाला. त्याच्या ऑफिसच्या काचेतून सगळं मैदान दिसत होतं. "कोरसला एकच गोष्ट शिकवली आहे. ज्या आवाजाने घरी पडद्यासमोरची माणसं थांबतात, तो वाढव. लोक रागापाशी थांबतात, वृंदा. तीन वर्षांत पहिल्यांदा आमचे घरी बघणारे प्रेक्षक वाढलेत."

"त्याचा आवाज काढून टाका."

"तुम्ही परवानगी दिली आहे."

"आता परत घेते."

"तशी सोय नाही." तो हसला, समजूत घालावी तसा. "खरं सांगू? हेमंत आमच्या लोकप्रिय आवाजांत आहे. पोरं त्याचं 'चाल निग' मोबाइलवर वाजवतात. तुम्हाला तो शेजारी हवा होता. मी दिला. तुम्हाला वर काचेच्या कक्षात जागा देऊ का? तिथे इतकं ऐकू येत नाही."

ती उठली. दारापाशी थांबून तिने विचारलं, "आपल्या संघाकडे चेंडू असताना यंत्र गप्प कसं बसतं?"

"माणसं गप्प बसतात म्हणून. त्याला स्वतःला शांतता कळत नाही. इंजिनियर टोरांटोचे, त्यांनी साठ्यातले सगळे शांत तुकडे रिकामी टेप समजून कापून टाकले." त्याला ही गंमत वाटत होती. "का?"

"सहज," वृंदा म्हणाली.

पंचवीस वर्षं हेमंत जे सगळ्यात प्रेमाने करत होता, ते त्यांनी कापून फेकलं होतं. जिन्यावरून उतरताना तिने ठरवलं की आवाज परत मागायचा नाही. ह्या माणसाचं यंत्र याच्याच घशात घालायचं.

*

ओलेनाच्या बेकरीत मागच्या बाजूला एक टेबल होतं. विभागातली जुनी माणसं तिथे जमत.

"मागच्या सामन्यात तू खोकलीस, आठवतं?" वृंदाने विचारलं.

"आठवतं म्हणजे! आपल्या पोरांकडे चेंडू, सगळे चिडीचूप, आणि मला ठसका लागला. तर समोरचा अख्खा रिकामा स्टँड खोकायला लागला. मला वाटलं देवाने बोलावलं."

"माणसं कमी होत चालली तसं विरजण कमी पडायला लागलं. म्हणून त्यांनी यंत्राचा कान तिखट करत नेला. आता एक माणूस पुरतो." ओलेनाला विरजण लगेच कळलं. तिच्याकडे आंबवलेल्या कणकेचं भांडं आजीच्या वेळेपासून चालू होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपान्त्य सामना ब्रॅन्सफोर्डला होता. लीगने नियम बदलला होता: या सामन्यात जो जिंकेल, त्याच्याच मैदानावर अंतिम सामना. त्या अंतिम सामन्यात टॅलमन कोरस विकणार होता. गिऱ्हाइकं ठरलेली होती, त्यांत आशियातल्या एका टी-ट्वेंटी लीगची माणसंही होती. संघ हरला तर अंतिम सामना दुसऱ्या शहरात, आणि कराराचा समारंभही नाही.

"आपल्याकडे चेंडू आला की आपण ओरडायचं," वृंदा म्हणाली.

ओलेनाने हातातला पाव खाली ठेवला. "आपल्याच पोरांवर?"

"तुझ्या भावाचा आवाज बारा नंबरवर आहे ना? मागच्या आठवड्यात तो काय ओरडत होता, सांग."

ओलेनाचा चेहरा लाल झाला. तिने सांगितलं नाही. मग म्हणाली, "चालेल. पण त्या किकर पोराच्या वेळी नाही. कोल मैदानात आला की तोंडं बंद. कबूल?"

"कबूल," वृंदा म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी ऋजुताचा फोन आला. ही तिची मुलगी, व्हँकुव्हरला होती. वृंदाने तिच्यापासून काही लपवलं नाही.

"आई, बाबांना तू आपल्याच टीमविरुद्ध ओरडायला लावणार?"

"ते बाबा नाहीत."

"मग त्या खुर्चीशेजारी दीड वर्ष कशाला बसलीस?"

"ऋजू, त्याने तुझ्या बापाच्या तोंडी शिवी घातली."

"आणि तू काय घालणार आहेस?"

फोन ऋजुतानेच ठेवला.

*

रविवारी ऊन होतं आणि थंडी उणे अकरा. पहिल्या सत्रात चौदाव्या विभागाने काही केलं नाही. थ्रेशर्स नऊ गुणांनी पुढे गेले.

दुसऱ्या सत्रात चेंडू घरच्या संघाकडे आला, माणसं सवयीने गप्प झाली, आणि वृंदाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ओलेना गुणगुणली. मग सगळी रांग. क्षणभर काही झालं नाही. मग बावीस हजार रिकाम्या खुर्च्यांनी तो सूर पकडला आणि स्टेडियम गरजलं. थ्रेशर्सचा चेंडू फेकणारा कानाला हात लावून ओरडत होता, त्याच्या शेजारच्यालाही ऐकू येत नव्हतं. फळीतला एक जण आधीच हलला. दंड, पाच यार्ड मागे. पुन्हा गोंगाट, पुन्हा दंड. दुसऱ्या विभागांतले म्हातारे मागे वळून "श्शू" करत होते, आणि त्यांचं "श्शू"सुद्धा बावीस हजार पटींनी परत येत होतं.

पाहुण्यांनी आघाडी घेतली. पण वृंदा मैदानाकडे बघत नव्हती. तिची नजर वरच्या काचेच्या कक्षावर होती. तिला वाटलं होतं की टॅलमन धावत खाली येईल, यंत्र बंद करेल, आणि रिकामं स्टेडियम सगळ्या जगाला ऐकू येईल. तसं झालं नाही. मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्याने तो कक्ष दाखवला. गिऱ्हाइकं उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरचाच प्रेक्षक घरच्या संघावर उलटलाय, असलं नाट्य त्यांनी पाहिलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात घरी बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. टॅलमनने खाली चौदाव्या विभागाकडे पाहिलं आणि टोपी काढून किंचित झुकला. आभार मानावेत तसा.

तिच्या लक्षात आलं, गोंगाटाने हा माणूस हरत नाही. तो फक्त सामना हरला तर हरतो.

सामना संपायला काही सेकंद उरले तेव्हा थ्रेशर्स दोन गुणांनी मागे होते. चेंडू खांबांपासून अडतीस यार्डांवर. ही किक कोल डोळे मिटून मारायचा. तीन गुण म्हणजे विजय, अंतिम सामना, करार.

कोल मैदानात आला. ओलेना थांबली. रांग थांबली. कबूल केल्याप्रमाणे विभाग गप्प झाला, मग सगळी पाच हजार माणसं, आणि यंत्रही. त्या शांततेत दूरच्या झेंड्याची दोरी खांबावर आपटल्याचं ऐकू येत होतं. आठ नंबरच्या खुर्चीतून काहीही येत नव्हतं. हेमंत असता तर आत्ता त्याचा हात तिच्या मनगटावर असता.

ओलेनाने मागे न वळता हात मागे करून वृंदाचा गुडघा दाबला. गप्प राहा.

कोलने दोन पावलं मागे घेतली, मान वर केली, श्वास सोडला. चेंडू मागे फेकला गेला. तो धावला.

"कोल!" वृंदाने हाक मारली.

एकटीचा आवाज. शाळेच्या गेटवर पोराला थांबवावं तसा. आणि लगेच त्यावर बावीस हजार आवाज कोसळले, त्यांत अगदी शेजारून हेमंतचा: "चल, नीघ!"

चेंडू खांबाच्या डावीकडून गेला आणि मागच्या रेषेपार पडला. चुकल्याचा एक गुण मिळाला. थ्रेशर्स एका गुणाने हरले.

काचेच्या कक्षात टॅलमनची टोपी अजून हातातच होती. गिऱ्हाइकं आपले कोट शोधत होती. वृंदाने त्याला नीट बघून घेतलं, तो खाली बसेपर्यंत. ओलेना उठली, टोपीतली ओंबी काढून तिने आठ नंबरच्या खुर्चीवर ठेवली आणि वृंदाशी एक शब्दही न बोलता निघून गेली.

*

पुढचं वर्तमानपत्रांत आलं. लीगमधल्या खेळाडूंच्या संघटनेने जाहीर केलं की कोरस असलेल्या मैदानावर एकही खेळाडू उतरणार नाही. क्लबच्या भागधारकांनी नाताळाआधी टॅलमनला काढलं. जानेवारीत सगळे आवाज पुसले गेले. वृंदाने मागितलं होतं त्यापेक्षा जास्त तिला मिळालं. थ्रेशर्स पुढच्या हंगामात खेळतील की नाही, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं.

कोलचा करार संपला होता. क्लब सोडताना शेवटची कानतपासणी करावी लागते, म्हणून तो फेब्रुवारीत क्लिनिकमध्ये आला. केस वाढले होते.

"पुढे काय?" तिने विचारलं.

"काकाच्या शेतावर." तो काचेच्या खोलीत जाऊन बसला. हेडफोन हातात घेऊन थांबला. "मिसेस जठार, मशीनचा मला काही त्रास नव्हता त्या दिवशी. सरांचाही नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, ते मला म्हणत नाहीत म्हणून. मी कान बंद करायला शिकलो होतो."

त्याने हेडफोनची तार बोटाभोवती गुंडाळली.

"पण आधी एकच हाक आली. माझ्या नावाने. मला वाटलं, काहीतरी झालंय. कोणाला तरी मदत हवी आहे. मी वळणार होतो."

"कोल—"

"चेंडू तोवर पायावर आला होता." त्याने हेडफोन लावले, बटण हातात घेतलं आणि मान हलवली. तयार.

वृंदा यंत्रासमोर बसली. टॅलमनने सगळं गमावलं होतं. ते तिला पुरेसं वाटलं होतं, आजही वाटत होतं. तिने पहिल्या सुराच्या बटणाकडे हात नेला.

तिने ते अजून दाबलं नव्हतं, हेडफोनमध्ये कुठलाच सूर नव्हता. काचेपलीकडे कोल डोळे मिटून बसला होता. तिच्या बाजूला हिरवा दिवा लागला.